शेजार निवडता येत नाही म्हणून

नव्या वस्तीत राहायला आलेले ख्रिस्ती कुटुंब चर्चच्या कार्यालयात नाव नोंदवायला जाते, तेव्हा कागदपत्रांबरोबर एक साधा प्रश्न विचारला जातो: राहता कुठे? इमारतीचे नाव कळले की नोंद करणारा सांगतो, तुमचा समूह अमुक, बैठक महिन्यातून एकदा, पुढची अमक्यांकडे आहे, नक्की या. मुंबई महाधर्मप्रांतात १९८०च्या दशकापासून ही रीत रुजत गेली आणि १९९८ साली त्यातून वेगळ्या झालेल्या वसई धर्मप्रांतानेही ती पुढे चालवली. धर्मग्रामाचे गल्ली-आळीनुसार भाग पाडायचे, शेजारपाजारच्या कुटुंबांचा एक लघु ख्रिस्ती समूह करायचा, त्यांनी आळीपाळीने एकमेकांच्या घरी जमायचे, शास्त्रवाचन आणि प्रार्थना करायची, वस्तीतल्या अडीअडचणींत लक्ष घालायचे. प्रोटेस्टंट मंडळ्यांत साधारण हेच काम घरसभा करतात.

या समूहांविषयी शिकल्यासवरल्या ख्रिस्ती माणसांत एक मत चांगलेच रुळले आहे. ते असे: ही आपली पद्धत नव्हे. अमेरिकेतल्या हजारो आसनांच्या चर्चना गर्दीत हरवणारी माणसे धरून ठेवायची होती, त्यासाठी त्यांनी काढलेली ही युक्ती फिरत फिरत आपल्याकडे आली. खरी उपासना वेदीपुढे होते आणि खरी प्रार्थना एकांतात. दिवाणखान्यातल्या बैठकीत दोन्ही पातळ होतात. तिथे जातात निवृत्त लोक आणि हाताशी वेळ असलेल्या बायका. जायचेच तर आपल्यासारख्यांत जावे, तरुण जोडप्यांनी तरुण जोडप्यांत, नोकरदारांनी नोकरदारांत. जिना एक आहे एवढ्यावर मने कशी जुळणार?

असे म्हणणारी माणसे उथळ नाहीत. त्यांच्यात नेमाने मिस्साला जाणारे, धर्मशास्त्र मन लावून वाचलेले लोक आहेत, आणि त्यांच्या शेवटच्या प्रश्नात वजनही आहे. पण या मताचा पाया इतिहासाच्या दृष्टीने चुकीचा आहे, आणि त्या पायावर उभा राहिलेला सल्ला, म्हणजे आपल्यासारख्यांत जावे हा, ख्रिस्ती श्रद्धेच्या मुळावर येणारा आहे. म्हणून त्याचे खंडन नीट झाले पाहिजे.

आधी परकेपणाचा आरोप पाहू. पौलाच्या पत्रांच्या शेवटी नावानिशी सलाम येतात आणि आपण ते भराभर वाचून टाकतो. त्यांतच पुरावा आहे. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला हे तंबू शिवणारे जोडपे. त्यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीचा उल्लेख रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आहे आणि करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातही. कलस्सैच्या पत्रात नुंफा नावाच्या बाईचे घर आहे, फिलेमोनाच्या पत्राच्या सुरुवातीलाच त्याचे स्वतःचे. प्रेषितांच्या कृत्यांत त्रोवसची बैठक आहे: तिसरा मजला, पुष्कळ दिवे, पौलाचे लांबलेले बोलणे आणि खिडकीत बसून पेंगता पेंगता खाली पडलेला युतुख नावाचा तरुण. गिरगावच्या चाळीत वाढलेल्या माणसाला ती खोली समजावून सांगावी लागत नाही.

युफ्रेटिसच्या काठी, आजच्या सीरियात, दुरा-युरोपोस येथे १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला उत्खनन झाले, तेव्हा तिसऱ्या शतकातले एक घर सापडले. राहत्या घराच्या दोन खोल्यांमधली भिंत पाडून एक मोठी खोली केली होती आणि दुसऱ्या एका खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड बांधून भिंतींवर चित्रे काढली होती. बाहेरून ते आळीतले एक घरच. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात, चौथ्या शतकात, ख्रिस्ती उपासनेला राजमान्यता मिळाली आणि भव्य मंदिरे उठू लागली. त्याआधीची जवळजवळ तीन शतके ही श्रद्धा मुख्यतः घरांत जगली. वेदीची उपासना अस्सल आणि घरातली उसनी असे म्हणणाऱ्याने हा कालक्रम लक्षात घ्यावा. ती वेदी प्रथम एखाद्या घरच्या जेवणाच्या मेजावरच होती.

बरे, मध्ययुगानंतरचा इतिहास तरी अमेरिकेतून सुरू होतो का? फ्रँकफुर्टचा लुथरन धर्मगुरू फिलिप याकोब श्पेनर याने १६७० साली आपल्या घरी लहान बैठका सुरू केल्या आणि १६७५ साली त्यांचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले. त्याच्याही आधी, १६६४ साली, इंग्लंडच्या संसदेने कायदा करून घरच्या माणसांखेरीज पाच किंवा अधिक जणांनी राजमान्य पद्धतीबाहेर उपासनेसाठी जमणे गुन्हा ठरवले होते. स्वीडनने १७२६ साली असाच हुकूम काढला आणि तो १८५८ पर्यंत टिकला. फावल्या वेळेच्या गप्पांवर कोणतेही राज्य अशी बंदी घालत नाही. आठ-दहा साधी माणसे हातात शास्त्र घेऊन स्वतः विचार करू लागली की काय होते, हे त्या राजवटींना आजच्या टीकाकारांपेक्षा अधिक कळले होते.

यात मला सर्वांत बोलके उदाहरण वाटते ते ब्रिस्टलचे. १७४२च्या फेब्रुवारीत मेथडिस्ट चळवळीचा प्रणेता जॉन वेस्ली याच्या अनुयायांपुढे सभागृहाच्या बांधकामाचे कर्ज उभे होते. फॉय नावाच्या एका कप्तानाने सुचवले की कर्ज फिटेपर्यंत प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणीतरी म्हणाले, पुष्कळांना तेवढेही परवडणार नाही. त्यावर तो म्हणाला की सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन, जमेल त्याचे घेईन, जमणार नाही त्याचे माझ्या खिशातून भरीन. बाकीच्यांनीही तेच पत्करले. पैसे गोळा करायला घरोघरी गेलेल्या या माणसांना आत काय चालले आहे ते दिसू लागले: कुणी प्यालेला आहे, कुणी बायकोशी भांडतो आहे. वेस्लीच्या लक्षात आले की आपल्याला हवी होती ती व्यवस्था हीच. पुढे सगळे आठवड्याला एकत्र बसू लागले आणि या बाराएक जणांच्या गटाला ‘क्लास’ म्हणू लागले. मेथडिस्ट चळवळीचा कणा कर्जवसुलीतून उभा राहिला. श्रीमंत चर्चची ती युक्ती नव्हती. पेनीसुद्धा जड जाणाऱ्या माणसांची ती सोय होती.

विसाव्या शतकातले समूहही गरीब जगातूनच आले. लॅटिन अमेरिकेत धर्मगुरूंचा इतका तुटवडा होता की कित्येक वस्त्यांना मिस्सा क्वचितच मिळे. तिथे शेतकरी-मजूर स्वतः शास्त्र वाचायला जमू लागले, आणि १९६८ साली कोलंबियातल्या मेदेयीन येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने त्या समूहांना ख्रिस्तसभेचा पायाभूत घटक मानले. १९७०च्या दशकात पूर्व आफ्रिकेतल्या बिशपांनी तोच मार्ग धरला. आशियाई बिशपांच्या महासंघाने १९९० साली इंडोनेशियातल्या बांडुंग येथे ख्रिस्तसभेचे स्वरूप अनेक समूहांचा मिळून बनलेला समूह असे मांडले. सेऊलचे योइदो चर्च १९५८ साली झोपडवस्तीत तंबूत सुरू झाले. १९६४ साली त्याचा पाळक अतिश्रमाने कोसळला, तेव्हा वस्तीवस्तीतल्या घरगुती गटांची धुरा बायकांनी उचलली. ज्या अमेरिकी महाचर्चना या पद्धतीचे जनक समजले जाते, त्यांतले सॅडलबॅक निघाले ते १९८० साली. वारसा कुणाचा कुणाकडे गेला, हे तारखाच सांगतात.

आपल्याकडचे तर विचारूच नये. धोबीतलावच्या कुडी कुणाच्या स्मरणातून गेलेल्या नाहीत. गोव्याच्या एकेका गावाने मुंबईत आपापली कूड धरली. बोटीवरची नोकरी मिळेपर्यंत खलाशी तिथे पेटी टेकून राहत, भिंतीशी गावच्या पॅट्रन संताची वेदी असे आणि संध्याकाळी रोजरीला हजर राहणे हा नियम असे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा गिरगाव-वांद्र्याच्या आळ्यांनी ठिकठिकाणी खुरीस, म्हणजे क्रूस, उभारले आणि आजही मे महिन्यात आळीतली माणसे त्यांच्यापुढे जमतात. या सगळ्याची आखणी कुण्या कचेरीत झाली नव्हती. आळीने एकत्र प्रार्थना करणे इथे समूह या नावाच्या पुष्कळ आधीपासून आहे. नव्याने आले ते शास्त्रवाचन आणि त्यावर सामान्य माणसाने मोकळेपणी बोलणे, आणि मला ती मोलाची भर वाटते.

आता मुख्य मुद्दा. आपल्यासारख्यांत जावे हा सल्ला आधुनिक, मोकळा, व्यवहारी वाटतो. त्याचे मूळ मात्र पाहण्यासारखे आहे. डोनल्ड मॅकगॅव्हरन हा अमेरिकी मिशनरी १८९७ साली जन्मला तो दमोह येथे, आजच्या मध्य प्रदेशात. त्या वेळच्या मध्य प्रांतात त्याने तीसेक वर्षे काम केले. त्याला दिसले ते असे, की एकटादुकटा माणूस ख्रिस्ती झाला तर तो आपल्या लोकांतून तुटतो, पण अख्खी जात एकत्र आली तर मंडळी झपाट्याने वाढते. १९५५च्या पुस्तकात त्याने हे मांडले आणि १९७०च्या ग्रंथात त्याचा सिद्धांत केला: माणसांना वंश, भाषा, वर्ग यांच्या भिंती न ओलांडता ख्रिस्ती होणे आवडते, तर तसेच होऊ द्यावे. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना येथे त्याने जी शाळा उभी केली, तिच्यातून हा विचार अमेरिकेच्या उपनगरांतल्या चर्चमध्ये पोचला. समवयस्कांचा गट, समव्यावसायिकांचा गट, एकाच आवडीच्या लोकांचा गट ही त्याचीच पुढची रूपे.

म्हणजे समूह परका आणि समविचारी गट आधुनिक, असे जे म्हटले जाते ते नेमके उलटे आहे. समविचारी गटामागचा सिद्धांत आपल्या जातिव्यवस्थेकडे पाहून सुचलेला आहे. मॅकगॅव्हरनच्या हेतूवर मी शंका घेत नाही. त्याने पाहिले ते खरेच होते. पण माणसांना काय सोपे जाते यावरून मंडळी कशी असावी हे ठरवता येत नाही. करिंथच्या मंडळीत सधन लोक आधी येऊन जेवून घेत आणि उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. पौलाने यावर श्रीमंतांसाठी वेगळी पंगत सुचवली नाही. त्याने त्यांना खडसावले, एकमेकांसाठी थांबायला सांगितले. दोन वेगळ्या पंगती केल्या असत्या तर भांडण त्याच दिवशी मिटले असते, आणि त्याबरोबर मंडळीही संपली असती.

पत्त्यावरून ठरणाऱ्या समूहाचे सामर्थ्य इथे आहे. तिथे कोण यावे हे मी ठरवत नाही. भिशीचे सभासद मी निवडतो, व्हॉट्सअ‍ॅपवरचा नकोसा गट सोडतो. शेजारी मात्र माझ्या आधीपासून तिथे असतो किंवा माझ्यानंतर न विचारता येतो.

याचा उपयोग काय, हे एका बैठकीवरून सांगतो. आमच्या समूहात वाचनाची जी सात पायऱ्यांची पद्धत वापरतात, ती दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेत घडली. आधी प्रभूला बोलावणारी प्रार्थना, मग उतारा वाचायचा, मग प्रत्येकाने मनाला लागलेला एखादा शब्द किंवा ओळ तीनदा, सावकाश, मोठ्याने उच्चारायची, मग काही मिनिटे पूर्ण शांतता, मग ज्याला वाटेल त्याने काय उमगले ते सांगायचे, कुणी कुणाला दुरुस्त करायचे नाही, मग वस्तीत काय करायचे ते ठरवायचे, मागच्या वेळी ठरलेले झाले का ते विचारायचे, शेवटी प्रार्थना. त्या दिवशी मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला होता. मालक पहाटे मजूर लावतो, पुन्हा दुपारी, पुन्हा संध्याकाळी पाचच्या सुमाराला, आणि सर्वांना सारखीच मजुरी देतो. बँकेत अधिकारी असलेले आमचे एक शेजारी म्हणाले की ही देवाची कृपा म्हणून ठीक, पण व्यवहारात असे केले तर सकाळी कुणी कामालाच येणार नाही. आम्ही बहुतेकांनी माना डोलावल्या.

आमच्या मागच्या चाळीत जालन्याकडून आलेले एक कुटुंब राहते. त्यातली बाई बांधकामाच्या कामासाठी रोज सकाळी नाक्यावर उभी राहते. ती एरवी बैठकीत बोलत नसे. ती म्हणाली, “पाच वाजेस्तोर नाक्यावर कुणी हौसेनं थांबतं का? रिकाम्या हातानं घरी जायचं जिवावर येतं म्हणून थांबतं माणूस. सकाळी धडधाकट बघून नेतात. आमच्यासारख्या बाया मागं राहतात. अन् पोटाला तर सगळ्यांना तेवढंच लागतं की.”

त्या दाखल्यावर मी अनेक प्रवचने ऐकली आहेत, भाष्येही वाचली आहेत. संध्याकाळी पाचचा मजूर आळशी नव्हता, त्याला कुणी घेतलेच नव्हते, हे उताऱ्यात स्पष्ट लिहिलेले आहे. तो स्वतःच्या तोंडाने तसे सांगतो. तरीही आम्हा मासिक पगारवाल्यांचे लक्ष पहाटेच्या मजुरावर झालेल्या अन्यायावरच खिळले होते. आमच्यासारख्यांचाच गट असता तर आम्ही वेतनाच्या न्यायावर तासभर उत्तम चर्चा केली असती आणि दाखला न समजताच घरी गेलो असतो. निकारग्वात सरोवरातल्या सोलेंतिनामे बेटांवर कवी-धर्मगुरू एर्नेस्तो कार्देनाल कोळी-शेतकऱ्यांबरोबर शुभवर्तमान वाचत असे आणि त्यांचे बोलणे टिपून घेत असे. १९७०च्या दशकात ते पुस्तकरूपाने आले, तेव्हा जगभरच्या धर्मपंडितांनी ते अभ्यासले. त्या माणसांना धर्मशास्त्र येत नव्हते. दाखल्यांतले जाळे, पेरणी, कर्ज, मजुरी हे सगळे येत होते. बैठकीत उपासना पातळ होते म्हणणाऱ्यांना माझे उत्तर हे आहे. वेदीवरून ऐकलेला शब्द मला पुरा समजायला, ज्याच्या आयुष्याबद्दल तो बोलला गेला, तो माणूस माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला लागतो. रविवारच्या मिस्सालाही तो असतो, चार बाकांपलीकडे; तिथे तो बोलत नाही आणि मीही विचारत नाही.

चुगल्या आणि फूट हे दोन आक्षेप राहतात. पहिल्याला वेस्लीच्या लोकांनीच उत्तर शोधले होते. घरोघरी जाणाऱ्या प्रमुखाच्या कानावर एकाविषयी दुसऱ्याकडून तक्रारी येत. सगळे एकत्र बसू लागल्यावर ज्याच्याविषयी बोलायचे तो समोरच असे आणि निम्म्या गोष्टी तिथल्या तिथे मिटत. शेजारी बसले म्हणून चुगली जन्मत नाही. जिन्यात ती आधीपासून असतेच. फुटीचा धोका खरा आहे. श्पेनरच्याच वर्तुळातले काही जण पुढे चर्चपासून दूर गेले. पण ते का गेले? ज्यांना ते अधार्मिक समजत, त्यांच्याबरोबर प्रभुभोजन घेणे त्यांना पटेना. त्यांना फक्त स्वतःसारखे धर्मनिष्ठ हवे होते. म्हणजे फूट पडली ती समविचाराच्या ओढीने.

आता ज्या प्रश्नात वजन आहे असे मी म्हटले, त्याकडे येतो. शेजार म्हणजे सरमिसळ, हे गृहीत धरता येत नाही. अहमदनगर-जालन्याच्या खेड्यांत ख्रिस्ती झालेली बहुसंख्य माणसे महार-मांग समाजांतून आली, आणि त्यांची घरे जातीने नेमून दिलेल्या जागीच राहिली. तिथे वस्तीचा समूह म्हणजे पुन्हा जातीचाच समूह. शहरात बिल्डरने तेच पैशाच्या मापाने केले: एका कुंपणाच्या आत एकाच उत्पन्नाची माणसे, मागच्या चाळीला वेगळे फाटक. अशा ठिकाणी पत्ता धरून समूह केला तर आपल्यासारख्यांचाच गट तयार होतो, फक्त न निवडता. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ काढला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणायचे ठरवले, त्यामागे आखून दिलेल्या कुंपणांत मंडळी मावत नाही हीच तळमळ होती.

परंतु या आक्षेपाचा उपाय समूह मोडणे हा नव्हे. समूहाची हद्द कुणीतरी आखतेच. धर्मग्रामाच्या नकाशावर ती रेघ फादर आणि धर्मग्राम समिती मिळून ओढतात, आणि ती सोसायटीच्या कुंपणावरून न्यायची की रस्ता ओलांडून, हे त्यांच्या हातात असते. टॉवर आणि त्यामागची चाळ एका समूहात घालता येतात. गावठाणातली जुनी घरे आणि नाल्यापलीकडची भाड्याची खोपटी एकत्र आणता येतात. यात अडचणी येतात. चाळीतली बाई बाराव्या मजल्यावर यायला बुजते. वॉचमन तिला फाटकावर नाव विचारतो. टॉवरवाल्यांना चाळीत बैठक असली की नेमके काम निघते. आमच्याकडे यावर एक साधा नियम केला आहे: बैठक आळीपाळीनेच, कुणाचेही घर लहान म्हणून वगळायचे नाही, आणि चहाबरोबर बिस्किटापलीकडे काही ठेवायचे नाही, म्हणजे पुढच्या घराला ओझे होत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत माणसे मावत नाहीत तेव्हा काही जण दारात, काही गॅलरीत बसतात.

वसई-विरार पट्ट्यात गेल्या काही वर्षांत वस्ती इतकी पालटली आहे की कित्येक समूहांच्या जुन्या रेघा आता निरर्थक झाल्या आहेत. जिथे एक वाडी होती तिथे चार संकुले आहेत आणि त्यांना लागून मजुरांच्या खोल्या. नव्याने राहायला आलेल्या ख्रिस्ती कुटुंबाने समूहात जावे की नाही असा प्रश्न मला कुणी विचारला, तर मी जा म्हणतो, आणि पहिल्याच बैठकीत आपल्या समूहाची हद्द कुठून कुठवर आहे ते विचारा असेही सांगतो. ती कुंपणापाशी थांबत असेल तर धर्मग्राम समितीकडे लेखी अर्ज द्यावा, की ती रस्त्यापलीकडे न्यावी.